दात बघून घेतलेला

पस्तीस वर्षं गुरांची पोटं तपासली,
मानवतपासून पाथरीपर्यंत.
निवृत्त झालो तेव्हा सोबत आला एक स्टेथोस्कोप.
पत्र्याच्या शेडमध्ये आधीच उभी होती
सीट फाटलेली राजदूत.
तिला हवा लागायची. मला कारण.

जालन्यात, भंगाराच्या आवारात
मुंजाजीनं ताडपत्री ओढली.
"बघा डॉक्टर. दोन पिस्टन, तीन एचपी. घरचा माल हाय."
बाजारात सगळाच माल घरचा असतो.

नंबरची पट्टी घासलेली,
शिंगं तासून वय लपवतात तशी.
टाकीच्या बुडाला मी बोटांची पेरं वाजवत गेलो.
ठण, ठण, ठण.
एका जागी, ठप्प.
नेमका तिथंच ताजा निळा रंग.
"वेल्डिंग?"
मुंजाजी चहावाल्याला हाक मारायला लागला.

पलीकडं एक होता, गंजका, चाकं नसलेला,
पट्ट्याला चिरा, काचेतलं तेल
ताकाच्या निवळीसारखं.
रिकाम्या टाकीवरही काटा वीसवर अडलेला.
पण बूड सगळीकडं एकाच सुरात बोललं.
चालू करायला लावला, नळी कानात घातली.
आवारातली पोरं हसली.
डावी झडप शीळ घालत होती. बाकी छाती साफ.

खांद्यावरचा रुमाल मुंजाजीच्या हातावर टाकला.
त्याला बोटं येत होती,
बाप हेडी होता म्हणे, गंगाखेडच्या बाजारात.
किती ठरले ते रुमालाला ठाऊक.
घरी सांगितलेला आकडा वेगळा.

नूरभाईनं टाकी काठोकाठ पाण्यानं भरली,
हातपंपानं दाब चढवला,
नवा काटा अर्धा तास हलला नाही
तेव्हाच वायरला हात लावू दिला.
मग झडपेची पत्ती, रिंगा, पट्टा,
आणि तेल कंप्रेसरचंच. गाडीचं उरलेलं
ओतायला निघालो होतो, तर म्हणाला,
"म्हशीला घोड्याचं औषध देत होता का तुम्ही?"

आता माझं रोजचं सांगतो.
जिनिंग चालू असली की फिल्टरमध्ये
बोटभर सरकी-कापूस, तो झटकायचा.
रब्बीत सगळ्या मोटारी एकदम लागल्या
की व्होल्टेज पडतं, मोटर नुसती हंबरते.
तेव्हा बटन सोडायचं. अडलेल्या म्हशीला
ओढत नसतात.
रविवारी सेफ्टी व्हॉल्वची कडी ओढायची,
ती फुसकारली की आपण निवांत.

आणि संध्याकाळी टाकीखालचा नळ.
हवेतलं पाणी तळाला जमतं.
एप्रिलात चमचाभर, विटकरी रंगाचं,
श्रावणात अर्धा तांब्या.
नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
बायको दारातून विचारते, "आज किती निघालं?"
तेलकट असतं. कशाच्याच कामाचं नाही.
तरी मी मोजतो.

राजदूत अजून चालू झालेली नाही.
टायर मात्र दगडासारखे.

परवा मुंजाजीचा फोन, पट्ट्याचं विचारायला.
सहज म्हणालो, "तो निळा?"
"गेला की! सेलूला. पंक्चरवाला पोरगा हाय,
नवीनच टाकलंय दुकान."

ठप्प.
ती जागा बोटांत तशीच होती.
मी ऐकलं होतं, मी उठलो होतो,
आणि चहा पिऊन दुसऱ्याकडं वळलो होतो.
आजारी जनावर दावणीला दिसलं
की मालकाला सांगितल्याशिवाय
पस्तीस वर्षांत कधी फाटक ओलांडलं नव्हतं.

मुंजाजीकडं नंबर नव्हता, नावही नाही.
"स्टँडच्या मागं कुठंतरी," एवढंच.

सकाळच्या गाडीनं सेलूला निघालो.
स्टेथोस्कोप घरीच राहिला.
बोटांची पेरं पुरतात.